हात दाखवला तर थांबणारी गाडी

वेल्समधल्या ज्या खेड्यात आम्ही दीड वर्ष काढलं, त्याला स्टेशन होतं. घर भाड्याने घेताना नवऱ्याने मला त्याच मुद्द्यावर पटवलं. "अगं, कार मला हॉस्पिटलला लागणार, पण स्टेशन चार मिनिटांवर आहे. तू कधीही ट्रेन पकडून टाउनला जाऊ शकतेस." मी स्टेशन मास्तरची मुलगी. माझं बालपण विदर्भातल्या लहान लहान स्टेशनांच्या क्वार्टर्समध्ये गेलं. स्टेशन म्हटलं की मला घंटा आठवते, लाल कापड गुंडाळलेला माठ आठवतो, आणि तिकिटाच्या खिडकीत बसलेला, जगावर वैतागलेला माणूस आठवतो. जिथे स्टेशन आहे तिथे माणसं असणार, असा माझा हिशेब. मी घर न बघताच हो म्हटलं.

प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मला हसू आलं. एकच रूळ आणि एकच फलाट, तोही जेमतेम दोन डब्यांचा. फलाटावर बस स्टॉपला असते तसली काचेची शेड, शेवाळ धरलेला बाक, एक दिवा आणि एक पाटी. खिडकी नाही, तिकीट नाही, माणूस नाही. कुंपणापलीकडे मेंढ्या होत्या, त्या तेवढ्या कुतूहलाने बघायच्या.

पहिल्यांदा गाडीने जायला निघाले तेव्हा मला सहावा महिना होता. वेळापत्रक बघून दहा मिनिटं आधी जाऊन बसले. गाडी वळणावर दिसली तशी उठले, कोट सारखा केला, पर्स खांद्याला लावली आणि लग्नघरी आलेल्या पाहुणीसारखी शांत उभी राहिले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला म्हणून मीही हसले. आणि गाडी निघून गेली.

मग शेडमधली पाटी वाचली. वर वेल्श, खाली इंग्रजी. इथे गाडी विनंतीवरूनच थांबते. चढायचं असेल तर ड्रायव्हरला नीट दिसेल असा हात करा, उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा. आपल्याकडे एसटीला 'हात दाखवा, गाडी थांबवा' असायचं, तसलंच. पण एसटीची गोष्ट वेगळी. रेल्वेगाडीला रिक्षासारखा हात करायचा म्हणजे मला कसंतरीच वाटलं. आमच्या घरी गाडी म्हणजे कुणाच्या बापासाठी न थांबणारी वस्तू होती. आणि माझ्या बापाच्या बायकोसाठी तर नाहीच नाही.

त्याचा किस्सा असा. मी चार वर्षांची असताना आई मामाच्या लग्नाला निघाली होती. क्वार्टर स्टेशनला लागूनच, त्यामुळे ती अगदी शेवटच्या क्षणापर्यंत निवांत. ऐन वेळी तिला आठवलं की आहेराची साडी कपाटातच राहिली. ती मला कडेवर घेऊन परत गेली. साडी घेऊन धावत आली तोवर बाबांनी हिरवी झेंडी दाखवली होती आणि गाडी हलली होती. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. आई माहेरी पोचली तेव्हा मंडपवाला बांबू सोडत होता. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हा किस्सा मिळायचा. बाबा म्हणायचे, "मला दिसलीच नाही ती. मधे मालगाडी उभी होती ना." आई म्हणायची, "डोळ्याला डोळा भिडला होता हो." सगळे हसायचे आणि आईही हसायची.

मुलगी झाली आणि त्या घरात मी खरीच अडकले. नागपूरला पाच वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं होतं, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. होते, स्कूटीवरून अर्धं शहर पालथं घालायचे. इथे सकाळी साडेसातला कार गेली की घराला चाकं उरायची नाहीत. बस आठवड्यातून दोनदा. दुकान एक, ते बुधवारी दुपारी बंद. शेजारच्या बाई भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या आणि हवा तर रोज तीच. नवरा वाईट नव्हता. तो रात्री दमून यायचा, ताटावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, आणि वर विचारायचा, "आज काय केलंस दिवसभर?" मला त्या प्रश्नाचा इतका संताप यायचा की मी ताट आदळायचे आणि मग बाळ उठायचं. गाड्या तेवढ्या ऐकू यायच्या. सात बावन्नची, दहा चाळीसची, दोन पंचावन्नची, संध्याकाळची. सगळ्या न थांबता पुढे जायच्या.

आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. म्हणून माझ्या बाळंतपणाला बाप आला.

लोक हसले असतील नागपूरला, पण बाबा आले. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा, काकूने करून दिलेले डिंकाचे लाडू, अळीव, आणि निवृत्तीनंतरही एकदाही मागे न पडलेलं चावीचं घड्याळ. त्यांनी बाळाला तेल लावायला शिकून घेतलं. माझ्यासाठी खीर करायचे, ती दर वेळी खाली लागायची आणि मी ती मुकाट्याने खायचे. पंधरा दिवसांत त्यांना घरात करमेना. मग ते सकाळी बाबागाडी घेऊन फिरायला निघू लागले. त्या गावात फिरायला जाणार कुठे? ते स्टेशनवर जायचे.

स्टेशन बघून ते हसले नाहीत. त्यांना राग आला. "आमच्याकडे हॉल्टच्या एवढ्याशा थांब्यावरसुद्धा तिकीट विकायला एक माणूस असतो," ते म्हणाले. "इथं कोणीच नाही. गाडी येते, गाडी जाते, बघायला कोणी नको?" मी म्हटलं, "बाबा, इथे असंच असतं." ते म्हणाले, "असंच असतं म्हणजे बरोबर असतं काय?"

त्यांनी वही केली. गाडीची वेळ, प्रत्यक्ष आली ती वेळ, किती मिनिटं उशीर. बाकाचं शेवाळ घासलं. गळका पन्हाळ फडक्याने बांधला. मला बरं वाटत होतं. बापाचा वेळ जातोय, बाळाला हवा मिळतेय आणि मला दोन तास झोप. दुपारी जेवताना ते उत्साहाने सांगायचे, "आजची दहा चाळीस थांबली होती. मला बघून थांबते. इथले ड्रायव्हर मोठे सभ्य." मी डोळे मिटत मिटत हूं म्हणायचे. लक्ष दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

एके दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. गाडीचा भोंगा वाजला तसे बाबा उठले, कोटाची बटणं लावली, बाबागाडीवरचं बाळाचं हिरवं दुपटं काढलं, फलाटाच्या कडेपासून बेताचं अंतर ठेवून उभे राहिले आणि हात खांद्याच्या रेषेत ताठ बाहेर काढला. न थांबता जाणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टेशन मास्तरने असं उभं राहून झेंडी दाखवायची असते. सगळं ठीक आहे, जा, असा त्याचा अर्थ. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. गाडीने करकचून ब्रेक लावला आणि ती आमच्यापुढे थांबली.

दार उघडून गार्ड बाई खाली उतरली. साठीला टेकलेली, आखूड पांढऱ्या केसांची. तिने बाबांकडे पाहिलंही नाही, थेट माझ्याकडे आली. "हे तुमचे वडील का?" मी हो म्हटलं. बाबा मागून अदबीने म्हणत होते, "नो, नो. यू प्लीज प्रोसीड. लाइन इज क्लियर." बाई म्हणाली, "या आठवड्यातली ही चौथी वेळ. ते हात करतात, आम्ही थांबतो, आणि ते आम्हाला जा म्हणतात. मला हसू येतं, पण ड्रायव्हरला येत नाही. पुढे समोरून येणाऱ्या गाडीशी आमचं क्रॉसिंग चुकतं. त्यांना समजावा, प्लीज." दोन्ही डब्यांतून माणसं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येईपर्यंतही मी धीर धरला नाही. रस्त्यातच बोलले. "पाटी वाचली नाहीत का तुम्ही?"

"वाचली ना. ती पॅसेंजरसाठी आहे. मी काय पॅसेंजर आहे? झेंडी दाखवणारा कोण आणि गाडीत बसणारा कोण, एवढा फरक ड्रायव्हरला कळू नये?"

"बाबा, इथे तुम्ही स्टेशन मास्तर नाही. इथे तुम्ही कुणीच नाही. मी पण कुणी नाही. यापुढे हात वर करायचा नाही. काहीही झालं तरी नाही. हात मागे बांधून उभं राहायचं, नाहीतर जायचंच नाही."

त्यांनी दुपटं परत बाबागाडीवर घातलं. मग म्हणाले, "काहून इतकी रागावून राहिलीस, बेटा? नाही करणार."

आणि त्यांनी शब्द पाळला. वही चालू राहिली, बाक घासणं चालू राहिलं, फक्त गाडी आली की दोन्ही हात मागे. मला ते बघवायचं नाही.

जुलैत मला पत्र आलं. इंग्लंडच्या हद्दीला लागून असलेल्या मोठ्या गावात, आमच्या स्टेशनपासून गाडीने तासाभरावर, एका हॉस्पिटलच्या लॅबला असिस्टंट हवी होती. मी नवऱ्यालाही न सांगता अर्ज केला होता. मंगळवारी साडेनऊला मुलाखत. ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगायला लाज वाटते. मला नुसती नोकरी नको होती. मला सकाळी कुठेतरी जायचं होतं. कुणीतरी 'उशीर का झाला' असं विचारायला हवं होतं. नवरा खूश झाला, लगेच फोनवर ड्युटीचा रोटा बघायला लागला आणि म्हणाला, "शिट, सोमवारी माझी नाइट आहे गं. हँडओव्हर करून निघेपर्यंत साडेनऊ होतील. ट्रेनने जाशील ना?" जाईन म्हटलं. सात बावन्नची गाडी मला नऊला पाच कमी असताना पोचवणार होती. बाळ बाबांकडे राहणार होतं.

मंगळवारी बाबा मला पोचवायला बाळासकट स्टेशनवर आले. मुलगी इथे पहिल्यांदा कामासाठी बाहेर पडतेय आणि बापाने घरातूनच हात हलवायचा, हे त्यांना मंजूर नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस आवळून बांधले होते. सात पंचेचाळीसला मी पर्स उघडली आणि बघितलं तर सर्टिफिकेटांची फाइल नव्हती. किचनमध्ये, वॉशिंग मशीनवर. शेवटी मी आईचीच मुलगी. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मूळ सर्टिफिकेटं आणा. जायला चार मिनिटं, यायला चार. धावले तर तीन.

"आलेच मी," एवढं म्हणून मी पळाले. गाडी आली तर थांबवा, असं मी म्हटलं नाही. ती सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

फाइल घेऊन येताना वळणापलीकडून भोंगा ऐकू आला. गल्लीतून फलाटाकडे येताना एका बाजूला छातीएवढं झुडपांचं कुंपण आहे. त्याच्यावरून मला सगळं दिसत होतं. बाबा फलाटावर ताठ उभे होते. शेजारी बाबागाडी. दोन्ही हात मागे बांधलेले. गाडी नेहमीपेक्षा हळू झाली. ड्रायव्हर त्यांना ओळखत होता, त्याने पुन्हा एकदा भोंगा वाजवला, जणू विचारलं. मी धावता धावता ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. बाबांचं तोंड माझ्या दिशेला होतं. हात मागेच राहिले. ड्रायव्हरने वेग वाढवला आणि दोन्ही डबे माझ्यासमोरून गेले.

मी फलाटावर पोचले तेव्हा बाळ हसत होतं. बाबा म्हणाले, "तू दिसलीच नाहीस, बेटा. मधे कुंपण होतं ना."

मी म्हटलं, "आईलाही हेच सांगितलं होतंत."

मी ते जाणूनबुजून बोलले. लागावं म्हणूनच बोलले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला आणि तरी मला कीव आली नाही. मी पुढे म्हटलं, "तिला एक दिवसाने दुसरी गाडी होती तरी. मला नाही."

नवऱ्याचा फोन वॉर्डमध्ये बंद. गावातला एकुलता एक टॅक्सीवाला त्या वेळी शाळेची मुलं पोचवायचा, तो सव्वानऊशिवाय मोकळा नाही. लॅबला फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली. पॅनेल फक्त आजच बसणार आहे, वाईट वाटतं, तुमचा अर्ज आम्ही जपून ठेवू. त्या देशात नाही हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तो ऐकू येतो. मी शर्ट काढला, गाऊन घातला आणि बाळाला पाजायला बसले. दहा चाळीसची गाडी वेळेवर गेली.

त्यानंतर बाबा स्टेशनवर गेले नाहीत. वही कपाटावर पडून राहिली. आता घरात दोन माणसं अडकली होती. ते खिडकीशी बसायचे, मी स्वयंपाकघरात. गाडीचा आवाज आला की त्यांचा डावा हात आपोआप वर यायचा, घड्याळ बघायला, आणि मग ते तो मांडीवर ठेवायचे. भांडी घासायचे, बाळाचे कपडे वाळत घालायचे, चिमटे एका रेषेत लावायचे. मी त्यांच्याशी बोलायचे. भाजीत मीठ बरोबर आहे का, बाळ जेवलं का, असं. माफी मी मागितली नाही. मागायला हवी होती का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. नवरा एकदा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, ते ओल्ड आहेत, त्यांनी रूल फॉलो केला, तूच दिलेला. लेट इट गो." मी म्हटलं, "तू पोचवलं असतंस तर?" तो उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि मला त्याचाही राग आला, कारण त्याची काहीच चूक नव्हती.

त्यांचे सहा महिने संपले. नवरा त्यांना हीथ्रोला सोडणार होता, ऐन वेळी पुन्हा रोटा बदलला. बाबा म्हणाले, "मी गाडीने जातो. रेल्वेचा माणूस आहे, हरवणार नाही." लॅबच्या त्या मोठ्या गावाला गाडी बदलून लंडनजवळच्या वॉटफर्डला उतरायचं, तिथे माझा चुलत भाऊ राहायचा, तो दुसऱ्या दिवशी विमानात बसवणार. दहा चाळीसची गाडी. मी बाबागाडी घेऊन पोचवायला गेले, घरातल्याच चपलांवर, दार नुसतं ओढून घेऊन.

आम्ही फलाटावर उभे राहिलो. बाक पुन्हा हिरवा झाला होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. भोंगा वाजला. बाबांनी सवयीने दोन्ही हात मागे घेतले. म्हणजे हात मीच करायचा होता.

माझा हात बाबागाडीच्या दांड्यावर होता आणि तो तिथून निघेना. ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं, असं नाही. मला मागे राहायचं नव्हतं. गाडी थांबली की ते चढणार, दार बंद होणार, आणि मी चार मिनिटं चालून त्याच खिडकीपाशी जाणार, दोन पंचावन्नचा आवाज ऐकायला. गाडी वळणावरून सरळ रुळावर आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटतं, पण तेवढा वेळ असणार नाही. मग त्यांनी मागचा उजवा हात सोडवला आणि पुढे केला. दुपटं नव्हतं, झेंडी नव्हती. नुसता हात, प्रवाशासारखा.

गाडी थांबली. दारात तीच गार्ड बाई. "आज खरंच बसणार आहात ना?" तिने विचारलं.

"टू पॅसेंजर्स," बाबा म्हणाले. "अँड वन बेबी."

मी म्हटलं, "बाबा, काय करताय?"

त्यांनी सूटकेस आत ठेवली आणि ते दारातच उभे राहिले, एक पाय आत, एक फलाटावर, म्हणजे दार लागू नये. "तिथे ती लॅब आहे ना? जाऊन उभी राहा समोर. फोनवर नाही म्हणायला सोपं जातं लोकांना."

"अहो, मी चपलांवर आहे. घर उघडं आहे."

"कोण नेते घर? मेंढ्या? दोन पंचावन्नला परत येशील."

"पण बाळाचं खाणं..."

"बेटा," ते म्हणाले, "गाडी थांबली आहे."

गार्ड बाईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग ती स्वतःच खाली उतरली आणि बाबागाडीचं पुढचं चाक धरून उचलू लागली. मी मागची बाजू धरली. आम्ही आत गेलो आणि मगच बाबांनी पाय आत घेतला.

त्या दिवशी मी खरोखरच घरातल्या चपलांवर त्या लॅबच्या काउंटरपुढे जाऊन उभी राहिले. दीड महिन्याने तिथे लागले, नमुन्यांवर लेबलं लावायच्या कामाला. पण ते पुढचं. त्या सकाळी गाडीत बसले तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. घराचं दार उघडं असल्याचं सारखं आठवत होतं. गार्ड बाई तिकिटं द्यायला आली. बाबांचं एकेरी, माझं परतीचं.

बाबा खिडकीशी बसले होते. बाळ माझ्या मांडीवर झोपलं. दोन बोगदे मागे पडले. मग बाबा बाहेर बघतच म्हणाले, "तुझी आई दिसली होती मला."

मी मांडीवरचं बाळ सावरलं.

"मालगाडी नव्हती मधे. मालगाडी नंतर आली. ती धावत होती, तू कडेवर, साडीची पिशवी हातात. मी तिच्याकडे बघत झेंडी दाखवली. घरच्यांसाठी गाडी थांबवली असं कोणी म्हणायला नको होतं मला." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "आणि त्या दिवशी गल्लीत तूही दिसलीस. फाइल होती तुझ्या हातात."

मला राग आला. तीन महिने गिळलेला सगळा राग एकदम वर आला आणि बाळ मांडीवर नसतं तर मी उठून दुसऱ्या डब्यात गेले असते. मी कसंबसं विचारलं, "मग काहून नाही केला हात?"

"तुझ्यासाठी थांबवली असती," ते म्हणाले, "तर तिच्यासाठी काहून नाही थांबवली, याला माझ्याजवळ उत्तर राहिलं नसतं."

"आणि आज?"

"आज नाहीच उत्तर."

गाडी दोन मिनिटं उशिराने धावत होती. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.